हिवरखेड परिसरातील मार्गदर्शित वनभ्रमण

हिवरखेड (ता. तेल्हारा, जि. अकोला) सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. उत्तरेकडे १९७४ साली स्थापन झालेला मेळघाट व्याघ्रप्रकल्प, तर जवळच वान आणि नरनाळा ही अभयारण्ये आहेत. इथले रान सागाचे, पानगळीचे, आणि पायी फिरण्याची रीत या पानगळीवरच ठरते. फाल्गुन-चैत्रात सागाची सुपाएवढी पाने वाळून वाटेवर पडतात, त्यांवर पाऊल पडताच पापडासारखा कुरकुर आवाज होतो नि पुढचे सांबर केव्हाच पसार होते. म्हणून सोबतचा वाटाड्या आधी पाऊल टाकायला शिकवतो, झाडांची नावे मागाहून. वारुळ उकरलेली ताजी माती दिसली, की तो थांबतो: अस्वल जवळपास असू शकते, आणि मोहफुलांच्या दिवसांत तर पहाटे त्या झाडांखाली जाणेच नको.

वाटाड्याची सक्ती म्हणजे नुसती पावती फाडणे, असा आक्षेप घेतला जातो. पाटी वाचून दाखवणाऱ्या वाटाड्याबाबत तो खराही आहे. मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यातील प्रवेशच परवानगीवर ठेवला आहे, आणि पाटी ताजा माग ओळखत नाही. माणसांच्या वर्दळीने जनावरे बुजतात, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार. त्याला उत्तर लहान गट, ठरलेली वाट आणि मुकाट चालणे एवढेच. नरनाळा किल्ल्यावर सहलीच्या गोंगाटात नेमके तेच हरवते.