युद्धकालीन शिळाछाप आणि कारखान्यातील श्रम

पेण येथील गणेशमूर्तींचे कारखाने व रोह्यानजीकची धाटावची औद्योगिक वसाहत यांतील श्रमाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे चित्ररूप साधनांचा प्रश्न उभा राहणे अपरिहार्य आहे. कारखान्याचे चित्र हा तेथील कामाचा पुरावा कितपत मानावा? या प्रश्नाचा विचार करण्यास पहिल्या महायुद्धातील एक ब्रिटिश शिळाछाप चित्रमाला फार उपयोगी पडते.

ब्रिटिश शासनाच्या प्रचारखात्यासाठी १८ चित्रकारांनी काढलेली ही ६६ चित्रे जुलै १९१७ मध्ये लंडन येथे प्रदर्शित झाली. त्यांपैकी राष्ट्राची ध्येये सांगणारी १२ चित्रे रंगीत होती. राष्ट्राचे प्रयत्न दाखविणारी ५४ चित्रे एकरंगी होती. जॉर्ज क्लाउसेन याने तोफांच्या कारखान्यातील भट्टी व प्रचंड घण, म्यूरहेड बोन याने जहाजबांधणी, तर नेव्हिन्सन याने विमानाचे सुटे भाग जोडणारे कामगार रेखाटले. शिळाछापाची पद्धती या विषयास अनुरूपच होती. स्निग्ध खडूचे चित्र दगडावर उतरविले की एका आकृतीच्या अनेक प्रती निघतात, आणि खडूच्या दाट-विरळ छटांतून धूर, वाफ व अंधार यांचा प्रत्यय येतो.

ए. एस. हार्ट्रिक याची सहा चित्रे स्त्रियांच्या कामाविषयी आहेत. त्यांतील एकात टी.एन.टी. हे स्फोटक द्रव्य भरणाऱ्या स्त्रिया दिसतात. हे काम धोक्याचे असल्याचे चित्राचे शीर्षकच सांगते. या द्रव्यामुळे कामगार स्त्रियांची कातडी पिवळी पडे व लोक त्यांना ‘कॅनरी’ म्हणत. काहींना विषजन्य काविळीने मृत्यूही आला. एकरंगी छापात तो पिवळेपणा उमटणे शक्यच नव्हते. १९ जानेवारी १९१७ रोजी लंडनच्या सिल्व्हरटाउन भागातील टी.एन.टी. कारखान्यात स्फोट होऊन ७३ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षीच्या या मालेत त्या घटनेस स्थान नाही.

एवढ्यावरून ही चित्रे खोटी ठरत नाहीत. यंत्रांची रचना, कामाची विभागणी, स्त्रियांचा नव्या कामांत झालेला प्रवेश यांविषयी त्यांची साक्ष मोलाची आहे. मात्र त्यांचे मौन दुहेरी आहे: एक माध्यमाचे, दुसरे आश्रयदात्याचे. पहिले तंत्राच्या मर्यादेतून येते, दुसरे हेतूतून. या दोहोंची गल्लत केल्यास निष्कर्ष चुकतो.

पेण व रोहे येथील साधनांनाही हीच कसोटी लावावयास हवी. रंगवून सजविलेल्या मूर्तीचे छायाचित्र साच्यातील कौशल्य दाखवील. रंगकाम करणाऱ्या हातांची मजुरी दाखविणार नाही. धाटावच्या रासायनिक कारखान्याच्या छायाचित्रात टाक्या व नळ दिसतील. वायूचा दर्प दिसणार नाही. तो शोधण्यासाठी हजेरीपट, रुग्णालयाच्या नोंदी व कामगारांच्या मौखिक आठवणी चित्राशेजारी ठेवाव्या लागतील. चित्र कोणी काढविले आणि माध्यमाला काय दाखविता येत नव्हते, हे दोन्ही प्रश्न विचारल्यानंतरच ते इतिहासाचे साधन ठरते.