चंद्र, कर्जत आणि सांडलेला चहा

खालापूर तालुक्यातल्या आम्हा पोरांना चंद्र दाखवला तो भा. रा. भागवतांनी. ज्यूल व्हर्नने १८६५ साली तिघांना तोफेच्या गोळ्यात बसवून चंद्राकडे धाडलं. भागवतांनी ती स्वारी मराठीत आणली. वेग सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर! “आतली माणसं चिरडतील की!” मी म्हटलं. वडील म्हणाले, “गोष्टीत शंका काढू नयेत.”

पुढे एकदा पुण्याला निघालो. खोपोलीहून कर्जतला येऊन गाडी धरली. १८६३ साली सुरू झालेला बोरघाटाचा लोहमार्ग चढायचा, तर कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात. ती जोडताना हलकासाच धक्का बसला आणि वडिलांचा चहा थेट पांढऱ्या सदऱ्यावर!

“एवढ्याशा धक्क्याला चहा सांडतो, मग तोफेच्या दणक्याला माणसांचं काय?” मी पुन्हा तेच. व्हर्नने गोळ्याच्या तळाशी पाण्याची गादी घातली होती खरी. पण ती कुठली पुरायला? १९६९ साली माणसं चंद्रावर उतरली ती टप्प्याटप्प्याने वेग वाढवणाऱ्या अग्निबाणामुळे.

वडील बराच वेळ सदरा पुशीत राहिले. मग म्हणाले, “काढ बाबा, शंका काढ. फक्त माझा चहा संपल्यावर.”