हतनूरची पाण्याखालील कुरणे
भुसावळ तालुक्यातील हतनूर येथे तापी नदीवर धरण आहे. चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमापर्यंत पसरलेल्या या जलाशयाच्या उथळ भागात पाणवनस्पतींची कुरणे वाढतात. वारकरी व अनेक जातींची बदके त्यांवर उपजीविका करतात. हिवाळ्यात चक्रवाक, पट्टकादंब हे पाहुणे पक्षी हिमालयापलीकडून येथे येतात. परतीच्या प्रवासासाठी त्यांना शरीरात चरबी साठवावी लागते. नाव जवळ नेल्यास थवा उडतो आणि ही शिदोरी वाया जाते. म्हणून पर्यटकांनी सकाळच्या वेळी काठावरूनच दुर्बिणीने निरीक्षण करावे. पाण्यात उतरून वनस्पती तुडवू नयेत, खाद्यपदार्थ टाकू नयेत, प्लॅस्टिक सोबत परत न्यावे. पक्ष्यांनी माना उंचावल्या, की तेथेच थांबावे.