जंताची गोळी आणि एक बग

शुक्रवारी संध्याकाळी टीममधल्या नव्या मुलीने माझ्या तीन वर्षं जुन्या कोडमधला बग शोधून काढला. मी आधी म्हटलं, "शक्यच नाही." मग कान लाल! रात्री एक गोष्ट आठवली, ती सांगतो.

साल १९९८. पश्चिम केनियातल्या बुसिया भागातल्या ७५ प्राथमिक शाळा, तीस हजारांवर मुलं, आणि तपासलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त मुलांना जंत. एका डच संस्थेने अल्बेंडाझोलच्या गोळ्या द्यायचं ठरवलं. पण सगळीकडे एकदम नाही. २५-२५ शाळांचे तीन गट केले: पहिल्याला १९९८ पासून औषध, दुसऱ्याला १९९९ पासून, तिसऱ्याला २००१ पासून. आपण टप्प्याटप्प्याने रिलीज करतो ना, अगदी तसं. त्यामुळे तुलना करता आली.

एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर या अर्थतज्ज्ञांनी २००४ साली निष्कर्ष छापले. गैरहजेरी सुमारे पाव हिश्श्याने घटली. मार्क मात्र वाढले नाहीत. गंमत म्हणजे, गोळी न मिळालेल्या आसपासच्या शाळांतही फरक दिसला. जंतांची अंडी विष्ठेतून मातीत जातात. एकाचे जंत गेले की शेजारच्या मुलालाही लागण कमी.

दोघांनी आपला डेटा आणि कोड लंडनच्या संशोधकांना तपासायला दिला. २०१५ मध्ये त्यांचा पेपर आला, आणि त्यात बग! सहा किलोमीटरच्या आतल्या सगळ्या शाळा मोजायच्या होत्या, कोड मोजत होता फक्त जवळच्या बारा. दुरुस्तीनंतर तीन ते सहा किलोमीटरवरचा फायदा उरला नाही. औषध मिळालेल्या शाळांतली गैरहजेरीची घट मात्र टिकली. मूळ लेखकांनी चूक मान्य केली, पण तिच्या अर्थावरून जोरदार भांडण झालं. ते अजून पूर्ण मिटलेलं नाही. सरसकट गोळ्या देऊन फारसा फरक पडत नाही, असं २०१९ चा कॉक्रेन आढावा म्हणतो. तर औषध आधी मिळालेली मुलं मोठेपणी ताशी १३ टक्के जास्त कमावतात, असं मिगेल-क्रेमर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये मांडलं.

आपल्याकडेही २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो, शाळा-अंगणवाड्यांत कोट्यवधी मुलं ही गोळी चघळतात. एवढ्या मुलांचा प्रश्न असताना कोड कुलूपबंद ठेवला असता, तर त्या बारा शाळा कुणाला कधी दिसल्याच नसत्या.

असो. सोमवारी त्या मुलीला आधी थँक्यू म्हणायचंय. चहा माझ्याकडून.