जन्मजात वाकड्या पायावरील हस्तोपचार : हिपोक्रेटिस ते पॉन्सेटी

प्रस्तावना :
पाय व घोटा यांच्या विकारांवर हाताने केल्या जाणाऱ्या उपचारांची परिणामकारकता हा वैद्यकाच्या इतिहासातील जुना वादविषय आहे. या वादाचा सर्वांत प्रदीर्घ आणि उद्बोधक आलेख जन्मजात वाकड्या पायाच्या, म्हणजेच क्लबफूटच्या, उपचारांत आढळतो. दर हजार जन्मांमागे साधारणपणे एका बालकास हे व्यंग असते. पाऊल आत व खाली वळलेले आणि टाच वर ओढली गेलेली असते. उपचार न झाल्यास मूल पावलाच्या बाहेरील कडेवर भार देऊन चालू लागते आणि हे अपंगत्व आयुष्यभर राहते.

प्राचीन व मध्यवर्ती कालखंड :
इ. स. पूर्व पाचव्या-चौथ्या शतकातील हिपोक्रेटिसच्या परंपरेतील सांध्यांवरील ग्रंथात या व्यंगाचे वर्णन आले आहे. उपचार लवकर सुरू करावा, मेणाची मूर्ती घडवावी तसे पाऊल हलक्या हाताने वळवावे, पट्ट्यांनी बांधून ठेवावे आणि पुढेही विशिष्ट पादत्राण वापरावे, असा त्याचा आशय आहे. आधुनिक उपचाराची जवळजवळ सर्व अंगे येथे बीजरूपाने दिसतात, ही बाब लक्षणीय आहे.

पुढील काळात मात्र हाताची जागा हळूहळू बळाने घेतली. एकोणिसाव्या शतकात स्ट्रोमायर या जर्मन शल्यविशारदाने टाचेमागील कंडरा त्वचेखालून छेदण्याची पद्धत रूढ केली. स्वतः वाकड्या पायाने पीडित असलेले इंग्लंडमधील विल्यम जॉन लिटल यांनी 1836 साली त्याच्याकडून ही शस्त्रक्रिया करून घेतली व मायदेशी तिचा प्रसार केला. त्याच शतकात लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांच्या नावाने ओळखला जाणारा पाना पाऊल जबरीने वळविण्यासाठी वापरला जाई. अशा बळजबरीने पाऊल सरळ दिसे, परंतु कोवळे सांधे चिरडले जात.

विसाव्या शतकात अमेरिकेतील अटलांटा येथील हिराम काइट यांनी पुन्हा सौम्य हाताळणी व प्लॅस्टर यांचा पुरस्कार केला. दिशा योग्य होती, तथापि एक शरीररचनाविषयक चूक राहून गेली. पाऊल बाहेर वळविताना त्यांचा अंगठा पावलाच्या मध्यभागी बाहेरील बाजूस टेकत असे. त्यामुळे टाचेच्या हाडाचे फिरणेच अडत असे आणि उपचार महिनोन्‌महिने लांबत. ‘हस्तोपचार अपुरा पडतो’ हा जो समज पुढे बळावला, त्यामागे हाताची मर्यादा कमी व अंगठ्याची जागा अधिक कारणीभूत होती, असे म्हणावे लागते.

पॉन्सेटी यांचे कार्य :
इग्नासिओ पॉन्सेटी (1914-2009) यांचा जन्म स्पेनमधील मिनोर्का बेटावरचा. यादवी युद्धात त्यांनी प्रजासत्ताकाच्या बाजूने जखमींवर उपचार केले. पराभवानंतर फ्रान्स व मेक्सिकोमार्गे ते 1941 साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात पोहोचले. तेथे पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची तपासणी करता त्यांना ताठरलेले, दुखरे पाय आढळले. पायाचे विच्छेदन व चलत् क्ष-किरण चित्रे यांच्या आधारे त्यांनी असे दाखविले की, घोट्यातील टॅलस हाड अंगठ्याने स्थिर धरून उर्वरित पाऊल त्याच्याभोवती बाहेर फिरविल्यास टाच आपोआप जागेवर येते. टाचेस हात लावण्याची गरज नसते. दर आठवड्यास अशी हाताळणी करून बोटांपासून मांडीपर्यंत प्लॅस्टर घातले जाते. सामान्यतः पाच-सहा प्लॅस्टर पुरतात. बहुतेक बालकांत शेवटी टाचेमागील कंडरा छोट्या छेदाने सैल करावी लागते. म्हणून या पद्धतीस निव्वळ हस्तोपचार म्हणणे काटेकोर ठरत नाही.

त्यांचा पहिला महत्त्वाचा निबंध 1963 साली प्रसिद्ध झाला. त्याकडे जवळजवळ दुर्लक्ष झाले. उलट 1971 मध्ये टर्को यांनी मांडलेल्या विस्तृत शस्त्रक्रियेचा पगडा पुढील दोन-तीन दशके कायम राहिला. हस्तोपचार शिकण्यास संयम लागतो आणि त्यात शल्यविशारदाचे कौशल्य डोळ्यांत भरत नाही, हेही त्यामागील एक कारण असावे. चित्र पालटले ते 1995 साली. कूपर व डिट्झ यांनी पॉन्सेटी यांच्या जुन्या 45 रुग्णांचे 71 पाय सुमारे तीस वर्षांनंतर तपासले. त्यांतील 78 टक्के रुग्णांचा निष्कर्ष उत्तम वा चांगला होता; जन्मतः निर्दोष पाय असलेल्या समवयस्कांत हेच प्रमाण 85 टक्के होते. त्यानंतर इंटरनेटवरून माहिती मिळालेले पालकच डॉक्टरांकडे या पद्धतीचा आग्रह धरू लागले. वैद्यकाच्या इतिहासात असे क्वचितच घडते.

ब्रेसचा प्रश्न :
मोर्कुएंडे व सहकाऱ्यांनी 2004 साली 157 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 98 टक्के पाय सुधारले होते. व्यंग उलटण्याचा संबंध मुख्यतः ब्रेस न वापरण्याशी आढळला. आडव्या दांडीला जोडलेले हे बूट पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर व नंतर चौथ्या वर्षापर्यंत झोपेत घालावे लागतात. भारतात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी 2013 मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला आणि तपासावयाच्या जन्मदोषांत वाकड्या पायाचा समावेश करण्यात आला. त्यामुळे निदानाची सोय अंगणवाडीपर्यंत आली. मात्र मजुरी बुडवून आठवड्याला एक याप्रमाणे प्लॅस्टरच्या फेऱ्या करणे, पाऊल वाढेल तसे बूट बदलून घेणे आणि पाय सरळ दिसू लागल्यावरही रडणाऱ्या मुलाला रोज रात्री ते बूट चढविणे, हे काम अजूनही घरातच, बहुधा आईलाच, करावे लागते.