बायलर, एर्न्स्ट

(१६ जुलै १९२१ – २५ फेब्रुवारी २०१०). स्विस कलाव्यापारी, संग्राहक व संग्रहालय-संस्थापक. जन्म बाझेल येथे. तरुणपणी तेथील ऑस्कर श्लोस यांच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यांनी नोकरी केली. १९४५ मध्ये मालकाच्या निधनानंतर ते दुकान त्यांनी स्वतःकडे घेतले आणि जपानी काष्ठमुद्राचित्रांच्या प्रदर्शनापासून त्याचे हळूहळू कलादालनात रूपांतर केले. पत्नी हिल्डी या कामात आयुष्यभर सोबत होत्या.

अमेरिकन उद्योगपती डेव्हिड थॉम्पसन यांच्या संग्रहातील पॉल क्ले यांच्या चित्रांच्या खरेदीमुळे त्यांचे नाव झाले. १९६६ मध्ये तर खुद्द पिकासो यांनी आपल्या चित्रशाळेतून त्यांना २६ कलाकृती निवडू दिल्या. कोणत्याही व्यापाऱ्यावर याहून मोठा विश्वास क्वचितच टाकला गेला असेल. १९७० साली सुरू झालेल्या ‘आर्ट बाझेल’ या कलामेळ्याचे ते एक सहसंस्थापक.

विकता विकता जे हातून सोडवले नाही, त्यातून त्यांचा संग्रह उभा राहिला. १९८२ मध्ये तो त्यासाठीच्या प्रतिष्ठानाच्या स्वाधीन झाला आणि १८ ऑक्टोबर १९९७ रोजी बाझेललगतच्या रीएन गावी संग्रहालयाच्या रूपाने जनतेसाठी खुला झाला. वास्तुशिल्पी रेन्झो पियानो यांनी बांधलेल्या संग्रहालयाच्या वास्तूत काचेच्या छतातून दिवसाचा प्रकाश झिरपतो. चित्रकार मोने यांचे सुमारे नऊ मीटर रुंदीचे कमळतळ्याचे त्रिपट चित्र येथे आहे आणि बाहेर खरेखुरे कमळतळेही. आधुनिक चित्रांसोबत आफ्रिका व ओशनियातील शिल्पेही त्यांनी मानाने मांडली. त्यांच्या निधनानंतर कलादालनातील उरलेल्या कलाकृतींचा लिलाव २०११ मध्ये लंडनला झाला. ती रक्कम संग्रहालयाच्या प्रतिष्ठानाला मिळाली.