रात्रीचे ढग कोण पाहतं?



2 ऑगस्ट 2016 ची रात्र महाड-पोलादपुरात कुणीच विसरलेलं नाही. सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. दोन एसट्या माणसांसकट नदीत गेल्या. त्या काळोखात आपल्याला समोरचं काही दिसत नव्हतं. पण 36,000 किलोमीटर उंचीवरच्या इन्सॅट-3डी उपग्रहाला कोकणावरचे ढग दिसत होते. ते कसे?

चुलीतला निखारा राखेखाली गेला, तरी हाताला धग लागते. डोळ्यांना न दिसणारी ही धग म्हणजेच अवरक्त किरण. 1800 साली इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल यांनी लोलकातून ऊन सोडून त्याचे रंग वेगळे केले आणि एकेका रंगात थर्मामीटर ठेवून पाहिला. तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच रंग नव्हता, तिथे पारा सर्वांत वर चढला! आपल्या रानातला चापडा साप मात्र हर्शेलच्या कितीतरी आधीपासून ही धग ओळखतो. डोळा आणि नाकपुडी यांच्यामधल्या खळग्यांनी त्याला अंधारातही उंदीर कळतो.

प्रत्येक वस्तू अशी धग सोडते. गरम वस्तू जास्त, गार वस्तू कमी. त्यासाठी सूर्य लागत नाही. 1983 साली इन्सॅट-1बी गेला, तेव्हापासून आपले उपग्रह रात्रीही ढग टिपतात. इन्सॅट-3डी 26 जुलै 2013 ला सुटला. उंच ढगांचे माथे फार गार असतात. चित्रात ते पांढरे दिसतात. त्यावरून आणि रडारवरून हवामान खातं इशारा देतं.

पण या डोळ्यालाही मर्यादा आहे. त्याला ढगाचा माथा दिसतो, ढगाखालची दरड दिसत नाही. 22 जुलै 2021 ला तळीयेत दरड कोसळली आणि 80 हून अधिक माणसं गेली. डोंगराला नवी भेग पडली, झाडं कलली, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, तर ते आपल्यालाच आधी दिसणार.

म्हणून आमच्या गटांनी ठरवलंय: इशारा आला की उजेड असतानाच घर सोडायचं. कोणत्या घरात म्हातारं माणूस आहे, कुठे बाळंतीण आहे, याची यादी आम्ही केली आहे. पावसाळ्यातल्या प्रत्येक बैठकीत बचतीच्या हिशेबाआधी ती यादी वाचतो. तुम्हीही तुमच्या वाडीची यादी करा.